दिवाळीत मोजलेल्या गॅलऱ्या

पुण्याहून परत आलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला, "मग, अपमान झाला का जी?" झाला. रीतसर झाला. पण या खेपेला मी स्वतःच दुसऱ्याला घाम फोडण्याच्या अधिकाराने गेले होते, पीएच.डी.ची बाहेरची परीक्षक म्हणून. तिथे जे बघून आले ते सांगितल्याशिवाय मला काही चैन पडायचं नाही.

आधी माझा धंदा सांगते. मी आर्किटेक्चरच्या कॉलेजात स्ट्रक्चर शिकवते. म्हणजे तुळई किती जाड हवी, स्लॅब किती वजन पेलेल, सळया वर टाकायच्या की खाली. मुलांना घर हवेत तरंगायला हवं असतं आणि मी नेमका मध्ये खांब आणते. लग्नाच्या पंगतीत पथ्य सांगत फिरणाऱ्या डॉक्टरवर लोकांचं जेवढं प्रेम असतं, तेवढंच आमच्यावर असतं. सिव्हिलवाले आम्हाला आपलं मानत नाहीत, आर्किटेक्ट तर नाहीच नाही. त्यामुळे आमच्यातली दुसरी बाई कुठे भेटली की मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं होतं.

संजीवनी झेंडे ही तशी बाई. सोलापूर रस्त्यावरच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात तिने अर्धं आयुष्य स्ट्रक्चर शिकवण्यात घालवलं. मुलं मोठी झाल्यावर पीएच.डी.ला नाव घातलं आणि विषय निवडला अस्सल पुणेरी, आत घेतलेल्या गॅलऱ्या. जुन्या सोसायट्यांमध्ये हॉलची भिंत पाडून, गॅलरीला सरकत्या काचा लावून तिची खोली करतात, त्याला म्हणतात गॅलरी आत घेणे. आता गॅलरीचा स्लॅब एका बाजूने घराला धरलेला, दुसरी बाजू हवेत. हात पुढे करून भरलेली बादली धरून बघा, खांद्याला काय होतं ते कळेल. संजीवनीने बिबवेवाडीत घरोघर जाऊन गॅलऱ्यांमधलं सामान काट्यावर तोललं होतं आणि निष्कर्ष काढला होता की वजन स्लॅबच्या ताकदीच्या आत आहे, गॅलऱ्या सुरक्षित आहेत.

प्रबंध इतका नेटका होता की मी अहवालात कौतुकच लिहून पाठवलं. राहिली होती फक्त सगळ्यांसमोरची तोंडी परीक्षा. तिच्या गाइड सरांनी फोनवर मला परिस्थिती सांगितली. ते स्वतः महिनाअखेर निवृत्त होणार, संजीवनी त्यांची शेवटची विद्यार्थिनी. आणि विभागात नवे प्रमुख आलेत, त्यांचं म्हणणं असं की स्ट्रक्चर हल्ली कॉम्प्युटर करतो, बाई कशाला? पीएच.डी. नसेल तर जूनपासून तिच्याकडून विषय काढून घेणार. "तेव्हा मे महिन्यातच उरकू या मॅडम," सर म्हणाले. म्हटलं, उरकू या की.

बिबवेवाडी

कॉलेजचं गेस्ट हाऊस मी नाकारलं आणि मावसबहिणीकडे, वसूकडे, बिबवेवाडीत उतरले. म्हटलं, प्रबंधातल्या गॅलऱ्या जरा डोळ्यांनी बघू. वसू बँकेतून निवृत्त झाली आहे, जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहते. दार उघडताच म्हणाली, "ये गं शोभा. काय हा उकाडा!" बाप्पा! नागपूरहून आलेल्या बाईसमोर पुण्याने उकाड्याची तक्रार करायची म्हणजे पोहणाऱ्यासमोर बादलीत हात बुडवून थंडी वाजल्याचं सांगण्यासारखं आहे. पाहुणी होते म्हणून सोडून दिलं.

नाश्त्याला पोहे आले. ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी. पोह्यांवर ओतायच्या आमच्या झणझणीत रश्श्यासाठी मी इकडेतिकडे बघितलं. वसू म्हणाली, "तर्री नाही मिळायची. इथे पोह्यांना पोह्यांची चव असते." पहिला अपमान असा घरातच, चहाच्या आधी झाला.

चहा घेऊन आम्ही गॅलरीत बसलो, म्हणजे बसायला जागा केली. तिथे लोखंडी कपाट होतं, धुण्याचं मशीन होतं. वर्षाचे गहू-तांदूळ नुकतेच भरलेले, कोठ्या काठोकाठ. पाणीकपात चालू, म्हणून पाण्याची निळी पिंपं झाकणापर्यंत. कोपऱ्यात गवतात घातलेल्या आंब्यांच्या पेट्या एकावर एक. वारा यावा म्हणून मी काच सरकवायला गेले तर ती हलेना.

"जोर लावू नकोस, हँडल निघेल," वसू म्हणाली. "उन्हाळ्यात ती अडकतेच. दिवाळीत सरकते बघ कशी लोण्यासारखी."

"काहून? दिवाळीत काय तेल घालता?"

"तेल कशाला? दिवाळीत गॅलरी रिकामी असते. माळा, गॅलरी, सगळं झाडून काढतो ना आपण. कोठ्या अर्ध्यावर आलेल्या असतात, पाणी चोवीस तास असतं, पिंपं उलटी करून गच्चीवर टाकते मी. रद्दीवाला रद्दी नेतो. अगदी चकाचक. त्या कॉलेजच्या मॅडम दिवाळीतच आल्या होत्या वजन करायला. किती गोड बाई! चकली दिली तर म्हणे, हीपण काट्यावर ठेवू का?"

माझा चहा हातातच राहिला. वसूची सोसायटीही त्या प्रबंधात असेल हे मला ठाऊक नव्हतं, पण धक्का तो नव्हता. दिवाळी! मोजणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात केली हे प्रबंधात लिहिलेलं होतं, मी वाचलंही होतं, आणि नागपुरात पंख्याखाली बसून मला त्यात काही खटकलं नव्हतं. कारण आम्हा मास्तर लोकांना सुट्टी म्हणजे दिवाळीचीच. मे महिना पेपर तपासण्यात जातो. संजीवनीने आपल्या सुट्टीत मोजलं, आणि नेमकं त्याच दिवसांत अख्खं पुणं गॅलऱ्या रिकाम्या करून बसलेलं असतं. सरकणारी काच मेमध्ये का अडकते हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. वजनाने स्लॅब किंचित खाली झुकत होता आणि त्याच्याबरोबर काचेची चौकट वाकडी होत होती.

"वसू, इथे कोण झोपतं?"

"नातवंडं आली की इथेच गाद्या घालतो. का गं?"

मी तिला घेऊन खाली गेले. जिन्याजवळच्या काचेच्या फलकात, पाण्याच्या वेळांच्या शेजारी, संजीवनीच्या एका लेखाच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स लावलेली होती. 'गॅलऱ्या सुरक्षित' या शब्दांखाली लाल रेघ, आणि खाली सेक्रेटरी लिमये यांच्या अक्षरात, "तज्ज्ञांचे मत वर दिले आहे. घाबरटांनी वाचावे." दोन मजले वरच्या कुणीतरी हे वाचून गॅलरीत माशांची मोठी टाकी ठेवली होती म्हणे.

बुधवार पेठ

परीक्षक म्हणून बोलायचं तर हातात काहीतरी हवं. मी वसूला म्हटलं, मला टांगायचा काटा घ्यायचाय, चल. रिक्षाने बुधवार पेठेत गेलो. दगडूशेठच्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले, कारण रांग पार कोपऱ्यावर गेली होती. इलेक्ट्रॉनिकच्या दुकानांच्या गल्लीत जिकडेतिकडे वायरींची भेंडोळी, बल्ब, स्पीकर. एका दुकानात एक काका पंख्याखाली पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेता त्यांनी विचारलं, "काय?"

"वजनाचा काटा. टांगायचा, आकडे दिसणारा."

"कशाला?"

म्हटलं खरं सांगावं. "गॅलरी तोलायचीय."

आता पेपर खाली आला. त्यांनी मला चष्म्यावरून नीट बघितलं. "हा काटा पन्नास किलोपर्यंत दाखवतो. गॅलरीसाठी दुसरं दुकान बघा." वसूला हसू आवरेना. हा दुसरा अपमान. पण त्याच माणसाने नंतर काटा कसा धरायचा, आकडा थरथरत असेल तर किती थांबायचं, हे उठून उभं राहून समजावलं, आणि निघताना म्हणाला, "आधी रिकाम्या बादलीचं वजन वजा करा. लोक विसरतात." पुण्यात प्रेम असं मिळतं, आधी चापट मग गूळ.

घरी येऊन मी आणि वसूने दुपारभर बादली बादलीने गहू तोलले, पिंपांतलं पाणी तोललं, आंबे तोलले, आणि सगळं परत जागच्या जागी भरलं. एक पेटी माझ्या पायावर पडली आणि अंगठा काळानिळा झाला. वसू म्हणाली, "परीक्षा तिची आणि लंगडतेयस तू." बेरीज प्रबंधातल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट आली, स्लॅबच्या ताकदीच्या पलीकडे. संध्याकाळी आमरसाचं जेवण झालं, पण मला रस गोड लागला नाही. माहेरच्या माणसाच्या हातातला घास काढून घ्यायची वेळ माझ्यावर आली होती.

सोलापूर रस्ता

कॉलेज लोणी काळभोरच्या पुढे, उसाच्या शेतांच्या कडेला. गाडी लवकर पोचली म्हणून फाटकासमोरच्या रसवंतीत बसले. रस काढणाऱ्या बाईंनी माझी साडी आणि लंगडणं दोन्ही बघून विचारलं, "झेंडे मॅडमच्या परीक्षेला आलाय जणू? लई चांगल्या हायत त्या. माझ्या पोरीची फी राहिली तवा हापिसात जाऊन भांडल्या. पास करा हां त्यांना." घुंगरांच्या आवाजात मी रस संपवला. असं सांगणारं कुणी भेटायला नको होतं.

सभागृह भरलेलं होतं. मागच्या टेबलावर पांढऱ्या कापडाखाली पेढ्यांची खोकी. आपल्याकडे निकालाआधीच पेढे येतात, कारण नापास कुणी होतच नसतं. गाइड सर नव्या सदऱ्यात. आणि संजीवनी, काठपदराची साडी, हातात काठी, पडद्यावरच्या आकृत्या दाखवत इतकं सुंदर बोलली की पहिल्या रांगेतल्या मुलांनीसुद्धा मोबाइल खाली ठेवले. मग सर माझ्याकडे वळले. "मॅडम, आपले प्रश्न."

मी एकच विचारला. "संजीवनी मॅडम, मोजणी कधी केलीत?"

"दिवाळीच्या सुट्टीत, मॅडम. दरवर्षी. मेमध्ये पेपर असतात, आपल्याला तेवढीच सुट्टी." सभागृहातले सगळे मास्तर हसले.

"दिवाळीत तुमच्या घरची गॅलरी कशी असते?"

"चका..." एवढं बोलून ती थांबली. काठी हळूहळू खाली आली. तिचं तिलाच दिसत होतं. "आत्ता आमच्या गॅलरीत वर्षाचे गहू आहेत," ती सावकाश म्हणाली. "पाण्याची पिंपं आहेत. मी सगळ्यांच्या गॅलऱ्या हलक्या असताना तोलल्या."

सर घाईने उठले. "हे संशोधनाच्या मर्यादांमध्ये एका वाक्यात टाकता येईल. धन्यवाद. समिती आता आत बसेल."

आतल्या खोलीत दार लावून सर माझ्यासमोर बसले. आवाज चढला नाही. "मॅडम, आज पदवी जाहीर करू या. दुरुस्त्या तुम्ही नंतर हव्या तेवढ्या मागा. आज राहिलं तर मी निवृत्त होणार, हिला नवा गाइड शोधावा लागेल, आणि जूनमध्ये तिचा विषय जाईल. आयुष्यभर शिकवलंय हो तिने."

खरं सांगते, मी डळमळले. तिच्या जागी मी असते तर? एक वाक्य टाकायचं, सही करायची, पेढा खायचा. कुणाचं काय जाणार होतं? मी पेन काढलंसुद्धा. तेवढ्यात दार वाजलं आणि संजीवनीच आत आली. असं यायची पद्धत नाही.

"सर, एक विनंती आहे. आज देऊ नका."

"अगं वेडे, विषय जाईल तुझा!"

"जाऊ दे सर. चुकलंच हाय माझं." एवढा वेळ पुस्तकी बोलणारी बाई एकदम गावच्या बोलीवर आली. "लोक त्या गॅलरीत पोरं झोपवत्यात. मी सुरक्षित लिहिलं आन् उद्या कुणी ते कुठं चिकटवलं तर?"

"चिकटवलंय," मी म्हणाले, आणि जिन्याजवळच्या झेरॉक्सबद्दल, माशांच्या टाकीबद्दल सांगितलं. तिने तोंडावर पदर धरला. सरांनी कागद ओढला, 'मे महिन्यात पुन्हा मोजणी करून प्रबंध सादर करावा' असं स्वतःच्या हाताने लिहिलं, सही केली आणि चष्मा काढून पुसत बसले. बाहेर जाऊन त्यांनी ते वाचून दाखवलं. मग सरच मागच्या टेबलाकडे गेले, कापड बाजूला केलं आणि म्हणाले, "दुकानदार पेढे परत घेत नाही. खा सगळ्यांनी. निमित्त विचारू नका." मी त्या माणसाला मनातल्या मनात नमस्कार केला.

पुन्हा बिबवेवाडी

संजीवनी मला स्वतःच्या गाडीतून सोडायला निघाली. हडपसर येईपर्यंत अक्षर बोलली नाही. रहदारीत अडकल्यावर म्हणाली, "मॅडम, तुमचा राग आला होता मला. हडपसरपर्यंत होता."

"मग उतरला कुठे?"

"सिग्नलला. इथं उभं राहून राग तरी किती वेळ धरायचा?" आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिचे डोळे भरले, आणि मागच्या गाडीने हॉर्न वाजवून आम्हाला भानावर आणलं.

सोसायटीत शिरल्यावर ती आधी फलकाकडे गेली. काच सरकवली आणि झेरॉक्स काढायला लागली. तेवढ्यात सेक्रेटरी लिमये जिन्यावरून उतरले, हातात पिशवी. "अहो बाई, नोटीस काढायला कमिटीची परवानगी लागते."

"लावताना माझी घेतली होती का?"

लिमयांना कुणी असं बोलायची सवय नसावी. "म्हणजे तुम्हीच त्या तज्ज्ञ? मग काढताय काय? तुम्हीच लिहिलंय ना?"

"मीच लिहिलं होतं. चुकीचं लिहिलं होतं. म्हणून मीच काढतेय." तिने कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्यांना सगळं समजावलं, दिवाळी, गहू, पाणी, सगळं. लिमये ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "चला, बघू या."

वसूच्या गॅलरीत मग जी धांदल झाली! लिमये, वसू, संजीवनी आणि मी लंगडी. प्रत्येक बादली काट्यावर टांगून, आकडा लिहून मग आत. वसू ओरडत होती, "पाणी सांडायचं नाही हं, कपात आहे!" पाणी न्हाणीघरात, गहू हॉलमध्ये सोफ्यावर, आंबे देवघरासमोर. कपाट ओढताना लिमये म्हणाले, "यात काय मयत ठेवलंय का?" वसूने सांगितलं, "बँकेतल्या निरोप समारंभाच्या भेटवस्तू." ते म्हणाले, "एकूण एकच."

गॅलरी रिकामी झाली. आम्ही घामाने निथळत उभे होतो. वसू पुढे गेली आणि सवयीने काचेला एक बोट लावलं. काच सरसर सरकत शेवटपर्यंत गेली आणि वारा आत आला.

संजीवनी काचेपाशी गेली. तिने ती काच हाताने लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. "मॅडम," ती म्हणाली, "इतकी वर्षं मुलांना फळ्यावर हे शिकवते. डोळ्यांनी आज बघितलं." ती रडत होती आणि खूशही होती, आणि मला मेलीला तिचा इतका हेवा वाटला की विचारू नका. निघताना काटा मी तिच्याकडेच ठेवला. शेजारच्या गॅलरीची वेळ तिने लिमयांकडून तिथेच ठरवून घेतली.

मी नागपूरला परत आले, तर्री-पोहे खाल्ले, अंगठ्याचं नख गेलं. जूनमध्ये वसूचा फोन आला. संजीवनीचा वरच्या वर्गांचा विषय नव्या प्रमुखांनी काढून घेतलाच, पहिल्या वर्षाची मुलं तेवढी तिच्याकडे ठेवलीत. नवा गाइड अजून मिळालेला नाही. मेमध्ये मात्र तिने सोसायटीच्या सगळ्या गॅलऱ्या पुन्हा तोलल्या, पेपर रात्री तपासले म्हणे. माशांची टाकी हॉलमध्ये आली. आणि जिन्याजवळ आता झेरॉक्स नाही, लिमयांनी रंगवून घेतलेली पत्र्याची पाटी आहे. वसूने ती फोनवर वाचून दाखवली, "गॅलरीत जड सामान ठेवण्यापूर्वी डॉ. संजीवनी झेंडे यांना विचारावे. स्वतःची अक्कल वापरू नये."

"अगं, पण ती अजून डॉक्टर कुठे झालीय?" मी म्हटलं.

"मीही तेच सांगितलं लिमयांना. तर म्हणाले, ठाऊक आहे मला. ऑइलपेंटची पाटी आहे, सारखी रंगवत बसणार नाही. त्यांना म्हणावं, जरा लवकर आटपा."